अंदाज नको, कारण हवे!
सुडोकू आणि काकुरो सोडवू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी तर्काच्या काही पायऱ्या

दैनिकाच्या पानावर राशिभविष्य आणि शब्दकोडे यांच्या शेजारी नऊ बाय नऊ घरांचा एक चौकोन असतो. पुणे-लोणावळा लोकलमध्ये बसलेला नोकरदार असो की दुपारची कामे आटोपून निवांत झालेली गृहिणी, पेन हाती घेऊन या चौकोनाशी झुंजणारी माणसे सर्वत्र दिसतात. मात्र त्यांतील अनेकांचा उत्साह दहा-बारा घरे भरेपर्यंतच टिकतो. पुढे एकाच ओळीत दोन वेळा आठ आलेला दिसतो, खाडाखोड सुरू होते आणि 'आपले गणित कच्चेच' असा शेरा मारून वर्तमानपत्र बाजूला ठेवले जाते.

वस्तुतः दोष गणिताचा नसतो, अंदाजपंचे भरलेल्या एखाद्या आकड्याचा असतो. सुडोकूमध्ये बेरीज-वजाबाकी करावीच लागत नाही. एक ते नऊ या अंकांऐवजी नऊ अक्षरे, नऊ फुले किंवा नऊ रंग घेतले तरी कोडे तेच राहील. येथे अंक ही केवळ वेगळी ओळखता येणारी चिन्हे आहेत. लागतो तो तर्क, आणि तोही पायरीपायरीने शिकता येण्याजोगा.

जन्म अमेरिकेत, नाव जपानी

सुडोकू हे नाव जपानी असले तरी कोड्याचे आजचे रूप अमेरिकेत जन्मले. हॉवर्ड गार्न्स या निवृत्त वास्तुरचनाकाराने तयार केलेले हे कोडे १९७९ मध्ये डेल कंपनीच्या कोड्यांच्या मासिकात 'नंबर प्लेस' या नावाने प्रसिद्ध झाले. १९८४ मध्ये जपानमधील 'निकोली' या प्रकाशनसंस्थेने ते उचलले आणि संस्थेचे माकी काजी यांच्यामुळे त्याला 'सुडोकू' हे नाव मिळाले. 'प्रत्येक अंक एकटाच हवा' अशा आशयाच्या जपानी वाक्याचे ते संक्षिप्त रूप होय. मूळचे न्यूझीलंडचे आणि हाँगकाँगमध्ये न्यायाधीश राहिलेले वेन गूल्ड यांना टोकियोतील एका पुस्तकाच्या दुकानात हे कोडे सापडले. त्यांनी अशी कोडी तयार करणारा संगणकीय कार्यक्रम लिहिला. १२ नोव्हेंबर २००४ रोजी लंडनच्या 'द टाइम्स'ने त्यांचे कोडे छापले आणि पाहता पाहता जगभरच्या वर्तमानपत्रांत सुडोकूची साथ पसरली. आपल्याकडील दैनिकांतही ते २००५ च्या सुमारास येऊन स्थिरावले.

नियम अवघा एक आहे. प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या स्तंभात आणि तीन बाय तीनच्या प्रत्येक लहान चौकोनात एक ते नऊ हे अंक प्रत्येकी एकदाच यावेत. या एका नियमातून पूर्ण भरलेले चौकोन किती निघतात? बर्ट्राम फेल्गेनहाउअर आणि फ्रेझर जार्व्हिस यांनी २००५ मध्ये हे उत्तर काढले. ती संख्या २२ अंकी आहे! एवढ्या पसाऱ्यातून वर्तमानपत्रातील कोड्याचे उत्तर मात्र एकच असते. म्हणजे छापलेल्या आकड्यांतच ते एकमेव उत्तर दडलेले असते, आणि म्हणूनच अंदाज बांधण्याची गरज पडत नाही.

आधी लहान चौकोन

पोहायला शिकणारा माणूस आधी उथळ पाण्यात उतरतो. त्याप्रमाणे आपण प्रथम चार बाय चारचे कोडे घेऊ. येथे प्रत्येक ओळीत, स्तंभात आणि दोन बाय दोनच्या प्रत्येक लहान चौकोनात एक ते चार हे अंक एकदाच यावयाचे आहेत.

३ – | ४ –
– २ | – –
– – | – ४
– – | १ –

पहिल्या ओळीत एक आणि दोन हे अंक राहिले आहेत. तिच्या दुसऱ्या घरात दोन येऊ शकत नाही, कारण डावीकडच्या वरच्या लहान चौकोनात दोन आधीच बसला आहे. म्हणजे तेथे एक, आणि ओळीच्या शेवटच्या घरात दोन. आता त्याच लहान चौकोनात तीन, एक आणि दोन झाले. उरलेले घर, म्हणजे दुसऱ्या ओळीतील पहिले, चारचे. दुसऱ्या ओळीत आता एक आणि तीन राहिले. तिसऱ्या स्तंभात खाली एक छापलेला आहे, म्हणून त्या स्तंभात तीन येईल आणि चौथ्या स्तंभात एक.

तिसऱ्या स्तंभात आता चार, तीन आणि एक आहेत, तेव्हा त्याच्या रिकाम्या घरात दोन. चौथ्या स्तंभात दोन, एक आणि चार आहेत, तेव्हा सर्वांत खाली तीन. तिसऱ्या ओळीत एक आणि तीन उरतात. दुसऱ्या स्तंभात वर एक असल्याने तेथे तीन आणि पहिल्या घरात एक. शेवटच्या ओळीत दोन आणि चार उरतात. पहिल्या स्तंभात चार असल्याने तेथे दोन आणि शेजारी चार. कोडे सुटले!

३ १ | ४ २
४ २ | ३ १
१ ३ | २ ४
२ ४ | १ ३

अकरा घरे भरली आणि प्रत्येक वेळी 'कारण' हा शब्द उच्चारता आला, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. मोठ्या चौकोनातही याहून वेगळे काही करावयाचे नसते.

चार दरवाजे

मळवली स्थानकावर उतरून भाज्यावरून लोहगडवाडीला गेले की तेथून लोहगडाच्या पायऱ्या सुरू होतात. वर जाताना गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे लागतात. वाट वळणावळणाची आहे आणि एक दरवाजा ओलांडल्याखेरीज दुसरा समोर येत नाही. सुडोकूच्या प्राथमिक युक्त्याही अशाच क्रमाने वापराव्यात. पहिलीने काम होत असेल तोवर दुसरीकडे वळू नये.

पहिली युक्ती : अंकाला घर शोधणे. चौकोनात सर्वाधिक वेळा छापलेला अंक आधी निवडावा. समजा, तो सात आहे. पहिल्या ओळीत सात उजवीकडच्या लहान चौकोनात आहे आणि दुसऱ्या ओळीत तो मधल्या लहान चौकोनात आहे. मग डावीकडच्या लहान चौकोनातला सात पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीत असू शकत नाही. तो तिसऱ्याच ओळीत हवा. त्या ओळीच्या पहिल्या तीन घरांपैकी पहिल्यात चार आणि तिसऱ्यात नऊ छापलेले असतील, तर सातचे घर निश्चित झाले. जेथे एवढ्याने भागत नाही, तेथे उभ्या स्तंभांचीही मदत घ्यावी. अशा रीतीने एक ते नऊ या प्रत्येक अंकासाठी नऊही लहान चौकोन तपासले, तर सोप्या कोड्याचा बराच भाग एवढ्यावरच सुटतो. तरीही नवशिके नेमकी हीच पायरी घाईने उरकतात.

दुसरी युक्ती : घराला अंक शोधणे. आता प्रश्न उलटा विचारावयाचा. 'सात कोठे बसेल?' असे न विचारता 'या घरात कोण बसेल?' असे विचारावयाचे. चौकोनाच्या मध्यावरील घर घ्या. त्याच्या ओळीत एक, चार, सहा आणि नऊ आहेत, स्तंभात दोन आणि आठ आहेत, लहान चौकोनात तीन आणि पाच आहेत. एकूण आठ अंक बाद झाले आणि सात उरला. पाहणाऱ्याला हे घर अवघड वाटते, कारण त्याच्या ओळीत, स्तंभात किंवा चौकोनात सुटे पाहिल्यास बरीच घरे रिकामी असतात. तिन्हींची बेरीज केली की मात्र उत्तर हाती येते. प्रत्येक घर अशा वीस घरांशी बांधलेले असते. आठ ओळीतली, आठ स्तंभातली आणि लहान चौकोनातली उरलेली चार. या वीस घरांत आठ वेगवेगळे अंक दिसले की नववा तुमचा.

तिसरी युक्ती : जोडी. येथपासून पेन्सिलची गरज लागते. रिकाम्या घराच्या कोपऱ्यात तेथे शक्य असलेले अंक बारीक अक्षरात लिहावेत. समजा, एका ओळीत एक, तीन, पाच, आठ आणि नऊ भरलेले आहेत. राहिले दोन, चार, सहा आणि सात. चार रिकाम्या घरांतील शक्य अंक असे आहेत : पहिल्यात दोन-सहा, दुसऱ्यातही दोन-सहा, तिसऱ्यात दोन-चार आणि चौथ्यात चार-सहा-सात. पहिल्या दोन घरांत कोणता अंक कोठे जाईल, हे आपल्याला माहीत नाही. परंतु ती दोन घरे मिळून दोन आणि सहा हे अंक संपवणार, हे नक्की. तेव्हा इतर घरांतून हे दोन्ही अंक खोडता येतात. तिसऱ्या घरात फक्त चार उरतो. चार तेथे गेल्यावर चौथ्या घरात सात. अनिश्चिततेतूनही निश्चित निष्कर्ष काढता येतो, हे या युक्तीचे वैशिष्ट्य होय.

चौथी युक्ती : बाण. कधीकधी लहान चौकोनात एखाद्या अंकासाठी दोन-तीन घरे शिल्लक राहतात, पण ती सर्व एकाच ओळीत असतात. उदाहरणार्थ, डावीकडच्या मधल्या लहान चौकोनात पाच कोठेही बसला तरी तो चौथ्या ओळीतच बसणार आहे. मग चौथ्या ओळीतील बाकीच्या सहा घरांत पाच येणे शक्य नाही. तेथून तो खोडून टाकावा. पाचचे स्वतःचे घर अजून ठरलेले नसते, पण तो शेजारच्या दोन चौकोनांकडे बाण दाखवून जातो. हीच गोष्ट स्तंभांनाही लागू पडते.

या चार युक्त्या अंगवळणी पडल्या की वर्तमानपत्रातील 'सोपे' व 'मध्यम' या शेऱ्यांची बहुतेक कोडी आवाक्यात येतात. 'कठीण' कोड्यांसाठी यापुढच्या युक्त्या आहेत, पण त्यांचा पायाही हाच.

अडल्यावर काय करावे?

सर्वांत महत्त्वाची सूचना ही की, नवा अंक भरल्यावर लगेच त्याच्या आजूबाजूला पाहावे. तो अंक वीस घरांतून बाद झालेला असतो आणि पुढचे उत्तर बहुधा तेथेच कोठेतरी उघडे पडलेले असते. पुष्कळ जण चौकोनाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन नव्याने शोध सुरू करतात आणि हातचा धागा सोडून देतात.

दुसरी सूचना शक्य अंकांच्या टिपांविषयी. सुरुवातीलाच सगळ्या घरांत सगळे शक्य अंक लिहिले तर चौकोन मुंग्या फिरल्यासारखा दिसू लागतो आणि महत्त्वाचे तेच दिसेनासे होते. आधी पहिल्या दोन युक्त्या पुरेपूर वापराव्यात, मगच टिपा लिहाव्यात. एकदा लिहिल्यावर मात्र प्रत्येक नव्या अंकासरशी त्या खोडत गेले पाहिजे. शिळ्या टिपा या चुकीच्या उत्तराचे मोठे कारण असतात.

तिसरी सूचना छापलेल्या आकड्यांविषयी. आकडे जास्त म्हणजे कोडे सोपे, असा समज आहे. तो सर्वस्वी खरा नाही. कोणत्या युक्त्या लागतात, यावर काठिण्य ठरते. आकडे किती कमी असू शकतात, या प्रश्नाचा निकाल २०१२ मध्ये लागला. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील गॅरी मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रदीर्घ संगणकीय शोध घेऊन दाखवले की, १६ आकडे दिलेले आणि एकच उत्तर असलेले सुडोकू अस्तित्वात नाही. किमान १७ हवेतच. याच संदर्भात एक गोष्ट संगणकाशिवाय, नुसत्या विचाराने सिद्ध करता येते. छापलेल्या आकड्यांत निदान आठ वेगवेगळे अंक असलेच पाहिजेत. समजा आठ आणि नऊ हे दोन्ही अंक कोठेच छापलेले नाहीत. मग पूर्ण उत्तरातील सर्व आठांच्या जागी नऊ आणि नवांच्या जागी आठ लिहिले तरी नियम मोडत नाही. म्हणजे दोन उत्तरे झाली आणि कोडे सदोष ठरले.

बेरजेची आवड असणाऱ्यांसाठी काकुरो

सुडोकूत बेरीज नसते, याची ज्यांना खंत वाटत असेल त्यांच्यासाठी काकुरो आहे. याची मांडणी शब्दकोड्यासारखी असते. शब्दाच्या सूचनेऐवजी बेरीज दिलेली असते आणि घरांत एक ते नऊ हे अंक असे भरावयाचे असतात की बेरीज जुळेल, पण एका बेरजेत कोणताही अंक पुन्हा येणार नाही.

येथे प्रारंभ करावयाचा तो टोकाच्या बेरजांपासून. दोन घरांची बेरीज तीन असेल तर अंक एक आणि दोनच, चार असेल तर एक आणि तीनच. दोन-दोन चालत नाही, कारण पुनरावृत्ती नको. दुसऱ्या टोकाला १६ म्हणजे सात आणि नऊ, १७ म्हणजे आठ आणि नऊ. तीन घरांसाठी सहा, सात, २३ आणि २४ या बेरजांचा संच प्रत्येकी एकच निघतो. आता समजा, १६ ची आडवी जोडी आणि १७ ची उभी जोडी एका घरात मिळतात. आडवीत सात किंवा नऊ, उभीत आठ किंवा नऊ. दोहोंना सामाईक अंक नऊच. म्हणून छेदाच्या घरात नऊ, आडवीच्या दुसऱ्या घरात सात आणि उभीच्या दुसऱ्या घरात आठ. लांब बेरजांसाठी एक ते नऊ या अंकांची एकूण बेरीज ४५ लक्षात ठेवावी. आठ घरांची बेरीज ३८ दिली असेल, तर ४५ मधून ३८ गेले, उरले सात. म्हणजे तेथे सात सोडून सर्व अंक आहेत.

सह्याद्रीच्या आसऱ्याने

अशा प्रश्नांची आपल्याला ओळख नवी नाही. आपण सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या नगरीचे, असे सांगणाऱ्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती' पूर्ण केली. तिच्यात 'अंकपाश' नावाचे प्रकरण आहे. दिलेल्या अंकांपासून किती संख्या बनतील, असे प्रश्न तेथे येतात. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला. त्याची नोंद असलेला इ. स. १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला.

'अंकपाशा'तील एक प्रश्न असा : पाच अंकी संख्येतील अंकांची बेरीज १३ आहे आणि त्यात शून्य नाही, तर अशा संख्या किती? तेरा खडे एका रांगेत मांडा. त्यांच्यामध्ये बारा फटी पडतात. त्यांतील कोणत्याही चार फटींत काड्या ठेवल्या की खड्यांचे पाच गट होतात आणि प्रत्येक गट हा एक अंक. बारांतून चार निवडण्याचे प्रकार म्हणजे १२, ११, १० आणि ९ यांच्या गुणाकाराला २४ ने भागणे. उत्तर ४९५, आणि भास्कराचार्यांचे उत्तरही हेच. घरांच्या संख्येत नऊ मिळवून येणाऱ्या संख्येपेक्षा बेरीज कमी असेल तरच हा नियम लागू होतो, ही मर्यादाही त्यांनी सांगितली आहे. कारण बेरीज त्याहून मोठी झाली तर एखाद्या गटात नवाहून अधिक खडे पडू शकतात.

आता हाच प्रश्न काकुरोत विचारला तर? पाच घरे, बेरीज १३, पण अंक वेगवेगळे. उत्तर शून्य! कारण पाच भिन्न अंकांची लहानात लहान बेरीज एक, दोन, तीन, चार आणि पाच मिळून १५ होते. एक अट वाढताच ४९५ शक्यता नाहीशा होतात. अट ही अडचण नसून मदत असते, हे अंककोड्यांचे मर्म यात पुरेपूर उतरले आहे.

४९५ या संख्येचा महाराष्ट्राशी आणखी एक योगायोगाने जुळलेला धागा आहे. नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक असलेले द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी दाखवले की, सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेले, तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते. तीन अंकी संख्यांना हीच कृती लावली तर मुक्काम ४९५ वर होतो. ७३१ वजा १३७ म्हणजे ५९४, आणि ९५४ वजा ४५९ म्हणजे ४९५. वाचकांनी आपल्या आवडीची संख्या घेऊन पाहावी. कापरेकरांजवळ ना मोठी पदवी होती, ना संगणक. होती ती वही, पेन्सिल आणि 'असे का?' हा प्रश्न.

मिळते काय?

कोडी सोडवल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असा दावा अनेकदा केला जातो. तो ठामपणे सिद्ध झालेला नाही आणि केवळ त्या आशेने कोणी सुडोकूकडे वळू नये. सरावाने माणूस सुडोकूत तरबेज होतो, एवढे मात्र निश्चित.

पण विशेषतः मुलांच्या दृष्टीने याहून मोलाची एक गोष्ट येथे मिळते. चार पर्यायांपैकी एक गोळा काळा करावयाच्या परीक्षांत मुलांना तुक्का मारण्याची सवय लागते. लागला तर गुण, चुकला तर नशीब! सुडोकूत तुक्का लागल्यासारखा वाटला तरी त्याचा हिशेब वीस घरांनंतर चुकता करावा लागतो, आणि तेव्हा चूक कोठे झाली हे सापडत नाही. म्हणून मुलांसोबत कोडे सोडवताना 'उत्तर काय?' असे विचारू नये. 'हा अंक येथेच का?' असे विचारावे. कारण सांगता आले तरच अंक लिहावयाचा, एवढा एक दंडक घरात पाळला तरी पुरे. कोडे अर्धवट राहिले तरी बिघडत नाही. कारणासह भरलेली दहा घरे ही अंदाजाने भरलेल्या एक्क्याऐंशी घरांपेक्षा अधिक मोलाची.

सुरुवात करण्यासाठी चार आकड्यांचे हे एक छोटे कोडे. त्याला उत्तर एकच आहे.

– ४ | – –
– – | – २
– – | ३ –
– १ | – –

प्रथम दुसऱ्या ओळीत चार कोठे बसेल, ते पाहा. पुढची वाट आपोआप उघडेल.

(उत्तर : पहिली ओळ २ ४ १ ३, दुसरी १ ३ ४ २, तिसरी ४ २ ३ १, चौथी ३ १ २ ४.)